‘आधी वजन कमी कर!’

मुलाने या विषयावर कशाला लिहायचं, असा प्रश्न हा लेख द्यायला गेलो तेव्हा आमच्या मराठी विभागाच्या संपादिकेनेच विचारला. माझं उत्तर सोपं आहे. आमच्या घरात चार माणसं. त्यातल्या एकीला आजार आहे. डॉक्टर तिला काय करायचं ते सांगतात, पण उरलेल्या तिघांनी काय करायचं हे कुणीच सांगत नाही. त्या तिघांपैकी मी एक, म्हणून लिहितोय.

आजाराचं नाव पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हेरियन सिंड्रोम. आपल्याकडे बरेच जण पीसीओडी म्हणतात. माझ्या ताईला तो आहे हे दोन वर्षांपूर्वी कळलं, तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. तिला विचारूनच हे छापायला देतोय. तिने दोन अटी घातल्या. एक, नाव घालायचं नाही. दोन, लेखात ‘बिचारी’ हा शब्द आला तर राखी पोस्टाने येईल! (हा एकदा आला तो मोजू नये.)

सुरुवात शब्दांपासूनच करतो, कारण पहिली अडचण तिथेच आहे. आमची शाळा कॉन्व्हेंट. तिथे हा धडा ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून देण्यात आला. आणि घरी? घरी मराठी. मराठीत या गोष्टीला ‘अडचण’ म्हणतात, ‘बाहेरची’ म्हणतात, ‘कावळा शिवला’ म्हणतात, आणि सुधारलेल्या घरांत ‘प्रॉब्लेम’ म्हणतात. आता गंमत बघा. दर महिन्याला वेळेवर येणाऱ्या गोष्टीचं नाव ‘प्रॉब्लेम’. मग ती चार-चार महिने आलीच नाही तर काय म्हणायचं? ‘प्रॉब्लेम आला नाही’ ही तर ऐकायला चांगली बातमी वाटते! ताईने जवळजवळ वर्षभर घरी काही सांगितलं नाही, त्याचं निम्मं कारण हे आहे असं मला वाटतं. तिच्याकडे इंग्रजी शब्द होते, पण ते आईशी बोलताना जिभेवर येत नव्हते. आईकडे मराठी शब्द होते, पण त्यांत ही तक्रार मावत नव्हती. म्हणून या लेखात मी सरळ ‘पाळी’ म्हणणार आहे. ज्यांना संकोच वाटेल त्यांनी दोन-तीनदा वाचावं, सवय होते.

आता आजाराबद्दल थोडं. साथ द्यायची तर कशात द्यायची हे आधी माहीत हवं.

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थॉल या दोन डॉक्टरांनी सात बायकांच्या केसेस एकत्र मांडल्या. पाळी अनियमित किंवा बंद, अंगावर नको तिथे केस, आणि मोठी झालेली अंडाशयं. तिथून या आजाराचा आधुनिक इतिहास सुरू होतो. पण नाव जे पडलं ते फसवं पडलं. सोनोग्राफीत ज्या ‘सिस्ट’ दिसतात त्या खऱ्या अर्थाने गाठी नसतातच. त्या अर्ध्यावर वाढ थांबलेल्या पुटिका असतात, म्हणजे ज्यातून बीज बाहेर पडायचं ती छोटी पिशवी. आमच्याकडे रिपोर्ट आला तेव्हा आईने ‘गाठी’ हा एकच शब्द ऐकला आणि देवापुढे जाऊन बसली. गाठ म्हटलं की आपल्याकडे एकच आजार आठवतो. डॉक्टरबाईंनी तिला वीस मिनिटं समजावलं की या गाठी कापून काढायच्या नाहीत, त्या कॅन्सरच्या नाहीत. नाव दिशाभूल करणारं आहे हे तज्ज्ञांनाही मान्य आहे. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ मंडळाने ते बदलण्याची शिफारस केली होती.

निदानासाठी २००३ साली रॉटरडॅमला तीन निकष ठरले. बीज वेळेवर न सुटणं (म्हणून पाळी अनियमित), अँड्रोजेन नावाचे हार्मोन जास्त असणं, आणि सोनोग्राफीतलं ते चित्र. तिन्हींपैकी दोन असले आणि थायरॉइड वगैरे दुसरी कारणं नाहीत अशी खात्री झाली, की पीसीओएस. म्हणजे नुसत्या सोनोग्राफीवर शिक्का मारता येत नाही, आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून ‘तुला काही झालेलं नाही’ असंही म्हणता येत नाही. वयात आल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तर सोनोग्राफीवरून निदान करूच नये असं २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, कारण त्या वयात तसं चित्र निरोगी मुलींमध्येही दिसतं.

आता आतली यंत्रणा. हे समजलं की शीर्षकातल्या वाक्याचा राग का येतो ते कळेल. रक्तातली साखर पेशींपर्यंत पोचवायचं काम इन्सुलिन करतं. पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींच्या पेशी त्याला नीट दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला जास्त अँड्रोजेन बनवायला लावतं. शिवाय यकृतात एक प्रथिन बनतं जे हे हार्मोन बांधून ठेवतं, ते प्रथिन इन्सुलिनमुळे कमी होतं. म्हणजे कारखान्यात उत्पादन वाढलं आणि गोदामाचं कुलूपही निघालं! अँड्रोजेन वाढले की पोटाभोवती चरबी साठायला मदत होते, आणि ती चरबी वाढली की पेशी इन्सुलिनला आणखी कमी दाद देतात. कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर दिलेल्यांना सांगायला नको, हा सरळसरळ पॉझिटिव्ह फीडबॅक आहे. आउटपुट फिरून इनपुटला जोडलंय. आणि आपण त्या मुलीला सांगतो काय, तर ‘आउटपुट कमी कर, मग बाकी सगळं ठीक होईल’.

वजन कमी केल्याने फायदा होत नाही असं मी म्हणत नाही. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांचं पाच ते दहा टक्के जरी उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते, हे डॉक्टर सांगतात आणि ते खरंच आहे. पण एक तर हा आजार सडपातळ मुलींनाही होतो, आणि आपल्या दक्षिण आशियाई लोकांमध्ये कमी वजनावरही इन्सुलिनची ही गडबड दिसते. बारीक मुलीला तर ‘तुला कसला पीसीओडी?’ म्हणून कुणी गंभीरपणे घेतच नाही. दुसरं म्हणजे, जी गोष्ट आजारामुळेच अवघड झाली आहे ती न केल्याबद्दल आजारी माणसालाच दोष द्यायचा, हा कुठला न्याय? दमेकऱ्याला आपण ‘आधी नीट श्वास घ्यायला शीक’ असं म्हणतो का?

ताईला हा सल्ला किती जणांनी दिला याची आम्ही एका गणपतीत मोजणी केली. पाच दिवसांत अकरा. त्यातला एक तर एका काकूंनी तिच्या पानात तिसरा मोदक वाढता वाढता दिला! मोदक घेतला नाही तर ‘डाएट करतेय वाटतं’, आणि घेतला तर ‘म्हणूनच’. दुसरा नेहमीचा सल्ला मानेबद्दल. ‘अंघोळीला मान नीट घासत जा गं, काळी पडलीय.’ मानेवरचा तो काळेपणा मळ नसतो. इन्सुलिन जास्त असल्याची ती त्वचेवरची खूण असते. कितीही घासली तरी जात नाही, उलट सोलवटते. माझी बहीण दहावीपासून मान घासत होती. पाच-सात वर्षं एक लक्षण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि सगळ्यांनी तिला साबण सुचवला.

हे सगळं वाईट हेतूने कुणी करत नाही, हे मान्य. पण हनुवटीवरचे केस, मुरुमं, पातळ होत चाललेले डोक्यावरचे केस, वजन, या सगळ्या गोष्टी उघड्यावर दिसतात. रक्तदाब असलेला माणूस रस्त्याने चालला तर त्याचा रिपोर्ट लोकांना वाचता येत नाही. हिचा येतो. आणि वाचणारा प्रत्येक जण शेरा मारतो. पीसीओएस असलेल्या मुलींमध्ये नैराश्य आणि चिंता यांचं प्रमाण जास्त आढळतं, आणि त्याचीही तपासणी करावी असं तीच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तेव्हा ‘एवढं काय मनाला लावून घेतेस’ हे वाक्य आपण सगळ्यांनी मिळून बंद करायला हरकत नाही.

मग साथ द्यायची म्हणजे करायचं काय? माझ्या अनुभवात साथ ही फार साधी, जवळजवळ कंटाळवाणी गोष्ट आहे.

आमच्याकडे पहिली साथ बाबांनी दिली. बाबांनी आजवर पाळी हा शब्द उच्चारलेला मी ऐकलेला नाही, पुढेही ऐकेन असं वाटत नाही. पण निदान झालं त्या आठवड्यात त्यांनी कपाटातून जुने बूट काढले आणि पहाटे साडेपाचला दारात उभे राहिले. ‘चल.’ एवढंच. आम्ही कराडचे. तेव्हापासून ताई घरी असते त्या प्रत्येक दिवशी दोघं प्रीतिसंगमापर्यंत चालत जाऊन येतात. बोलतात काय तर क्रिकेट आणि तिच्या सीएच्या परीक्षा. प्रौढांनी आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम करावा असं डॉक्टर सांगतात. रोज अर्धा तास धरला तर पाच दिवस. ‘व्यायाम कर’ म्हणणारे अकरा जण होते. बूट घालणारा एक निघाला. आणि हो, अशा मुलींच्या जवळच्या नातेवाइकांनाही मधुमेहाचा धोका जास्त असतो, म्हणून डॉक्टरांनी बाबांची साखरही तपासून घेतली. ती काठावर निघाली. आता कोण कुणाला साथ देतंय, सांगा!

दुसरी गोष्ट जेवण. पीसीओएससाठी अमुकच एक डाएट सर्वांत चांगलं असं सिद्ध झालेलं नाही. इंटरनेटवर काहीही विकत असले तरी! मग घरात एकीच्या पानात उकडलेल्या भाज्या आणि तिघांच्या पानात बटाट्याची भजी, असं कशाला? आईने दोन पद्धतींचा स्वयंपाक करायला नकार दिला आणि ते फार बरं झालं. रात्री सगळ्यांनाच ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ, कोशिंबीर. भात थोडा. गोड सणाला, पण तेव्हा सगळ्यांना आणि मोजणी न करता. ताटावर पहारा ठेवणं म्हणजे साथ नव्हे. तो तुरुंग झाला.

तिसरी गोष्ट औषधांची, आणि इथे मुलग्यांचा खरोखर उपयोग आहे. पाळी नियमित यावी आणि अँड्रोजेन कमी व्हावेत म्हणून डॉक्टर बऱ्याच जणींना ज्या हार्मोनच्या गोळ्या देतात त्या गर्भनिरोधक गोळ्याच असतात. त्या फक्त पाळीचं वेळापत्रक लावत नाहीत. पाळी बरेच महिने आली नाही तर गर्भाशयाच्या आतलं अस्तर जाड होत राहतं आणि पुढे त्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तो टाळण्यासाठीही त्या असतात. पण आपल्या गावात लग्न न झालेली मुलगी ही स्ट्रिप मागायला मेडिकलच्या दुकानात कशी जाणार? दुकानदार बाबांना ओळखतो. म्हणून मी गेलो. त्याने चिठ्ठी बघितली, मला बघितलं, स्ट्रिप वर्तमानपत्रात गुंडाळली आणि विचारलं, ‘कुणासाठी?’ म्हटलं, ‘ताईसाठी.’ तो म्हणाला, ‘लग्न ठरलं वाटतं?’ मी म्हटलं, ‘नाही, तब्येतीसाठी आहेत. आणि कागद नको, अशीच द्या.’ दुसऱ्या महिन्यात त्याने काही विचारलं नाही. सहाव्या महिन्यात ताई स्वतः गेली.

हे मुद्दाम सांगतोय, कारण होस्टेलमध्येही लॉकर उघडे राहतात आणि स्ट्रिप दिसतात. कुणाच्या कप्प्यात अशी गोळी दिसली की संध्याकाळपर्यंत तिच्या चारित्र्याचा निकाल लागलेला असतो. खरं तर गोळी कशासाठीही असो, तो आपला विषयच नाही. तरीही ज्यांना उत्सुकता आवरत नाही त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ती कदाचित तुमच्या आईच्या मधुमेहाच्या गोळीसारखीच एक गोळी असेल. तसं म्हटलं तर मधुमेहाची मेटफॉर्मिनही या आजारात देतात.

आता लग्नाचं. ताई तेवीस वर्षांची आहे, स्थळं येताहेत. नातेवाइकांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, सांगूच नका, लग्नानंतर सगळं ठीक होतं. दुसरा म्हणतो, सांगितलंत तर मुलगी घरात राहील. दोन्ही पक्षांचं एका गोष्टीवर एकमत आहे, की ही मुलीतली खोट आहे. मला ते अजिबात पटत नाही. लपवणं तर नकोच, कारण रोज गोळी घेणाऱ्या माणसाने ती रोज चोरून घ्यायची, याहून वाईट संसार कुठला? पण सांगायचं ते माहिती म्हणून, माफी मागितल्यासारखं नाही. पीसीओएस म्हणजे मूल होणार नाही, हे चूक आहे. काहींना वेळ लागतो, औषधं लागतात. बीज सुटण्यासाठी लेट्रोझोलसारखी औषधं आहेत, आणि बऱ्याच जणींना मुलं होतात. आणि पलीकडच्या घराने त्यांच्याकडचा मधुमेह, रक्तदाब, मुलाची सिगारेट याची माहिती तितक्याच मोकळेपणाने द्यावी. मग चहा-पोहे घेऊ. ताईचं मत याहून कडक आहे. ती म्हणते, ‘ज्याला हे ऐकून पळायचं असेल त्याने चहाआधीच पळावं, दूध वाचेल.’

काही जण म्हणतात, हे हल्लीचं फॅड आहे, पूर्वी कुठे होतं? पूर्वीही होतं. ‘तिला उशिराच येते’, ‘त्यांच्या घराण्यातच असं आहे’ असं म्हणून सोडून देत, एवढाच फरक. घराण्यात असतं हे खरंच आहे, कारण आनुवंशिकतेचा यात वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात या वयोगटातल्या साधारण दहातल्या एकीला हा आजार असतो आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांना आपल्याला तो आहे हे माहीतच नसतं. आता आपल्या लेडीज होस्टेलची संख्या मनातल्या मनात दहाने भागा. आलेलं उत्तर छोटं नाही.

म्हणून आपल्या कॉलेजपुरत्या काही मागण्या. वर्षातून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांचं व्याख्यान ठेवावं आणि त्याला मुलांनाही बसवावं. मेस कमिटीने आठवड्यातून दोन-तीन दिवस मोडाचं काहीतरी आणि भाकरी ठेवावी. ती सगळ्यांनाच चांगली, आणि कुणाला वेगळं मागायची लाज वाटायला नको. ग्राउंडवर संध्याकाळी क्रिकेटवाल्यांनी कडेचा ट्रॅक मोकळा ठेवावा, आणि चालणाऱ्या मुलींवर शेरेबाजी करू नये. रेक्टर मॅडम आणि सरांना विनंती की दवाखान्यात जायची परवानगी देताना ‘कशासाठी?’ हा प्रश्न चार जणींसमोर विचारू नये. डॉक्टरांची चिठ्ठी पुरेशी मानावी.

आणि मैत्रिणींसाठी एक. पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाल्यावरही दोन पाळ्यांत पस्तीस दिवसांहून जास्त अंतर नेहमीच पडत असेल, वर्षाला आठपेक्षा कमी येत असतील, किंवा एकदाही तीन महिन्यांहून जास्त खंड पडला असेल, तर परीक्षेचं टेन्शन म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांकडे जा. एकटीला जायला नको वाटलं तर रूममेटला घेऊन जा. आणि रूममेट, तू जा. तिथे काही बोलायचं नसतं. बाकड्यावर बसायचं, फाइल धरायची, सोनोग्राफीसाठी पाणी पिऊन ती वैतागली की तिचा वैताग ऐकायचा. दोन-तीन तास जातात. एक सबमिशन उशिरा होतं. एवढीच किंमत आहे.

पीसीओएस मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही, पण तो आटोक्यात राहतो. याचा अर्थ साथही पंधरा दिवसांच्या कोर्सची नसते, वर्षानुवर्षांची असते. अंगावरचे केस कमी व्हायलाच औषध सुरू करून सहा महिने तरी लागतात. एवढ्या काळात सल्ला देणारे विसरून जातात आणि गोळी मात्र रोज घ्यायची असते. तेव्हा मित्रहो, आपल्या घरात, वर्गात, शेजारच्या रूममध्ये अशी कुणी असेल तर तिला सल्ला देऊ नका. तो तिला तोंडपाठ आहे. तिला विचारा, ‘तुझ्याबरोबर येऊ का?’ ती नाही म्हणाली तर ठीक आहे. हो म्हणाली तर बूट घाला.